‘चाला ना’ला होकार

हॉटेलचा निरोप दुपारी आला. ललिता तायडे तेव्हा तुरीच्या शेंगा सोलत होती. मोबाइलवर हिंदीत लिहिलं होतं की, आपल्या विनंतीनुसार तिसऱ्या पाहुण्यासाठी खोलीत जास्तीची गादी टाकण्यात येईल, महेश्वरमध्ये आपलं स्वागत आहे.

तिने तो निरोप पुन्हा वाचला. गादी तिने मागितली नव्हती. तिसरा पाहुणा तर मुळात नव्हताच.

खोली तिने स्वतः निवडली होती. नर्मदेच्या घाटाला लागून असलेलं दगडी बांधणीचं हॉटेल, खोल्या मोजक्या, आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच खोलीला नदीकडे उघडणारी गॅलरी. गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या आणि मधोमध छोटं टेबल. डिसेंबरभर तिने फोनवर बरीच हॉटेलं पाहिली होती. कुठे पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेले, कुठे भिंती भडक. हा फोटो आला आणि तिने पुढे पाहणं थांबवलं. पुढचा बेतही तिचाच. महेश्वरला दोन मुक्काम, मग मांडूला जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप, शेवटी इंदूर. इंदुरात रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून भुट्ट्याचा कीस आणि तळलेले गराडू कंद खायचे. महेश्वरच्या हॉटेलात रात्रीचं जेवण नदीकाठी मांडतात, ते एकदा तरी घ्यायचंच. आणि सोबत डबा न्यायचा नाही. पोळ्या नाहीत, ठेचा नाही, चिवड्याची बरणी नाही. वाटेत भूक लागली तर हॉटेलात बसायचं, समोर येईल ते खायचं आणि ताट तिथेच सोडून उठायचं.

ललिता भातकुली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. गेल्या वर्षी निवृत्त झाली, तरी अमरावतीच्या त्या गल्लीत तिला अजूनही सगळे सिस्टरच म्हणत. प्रवास तिने पुष्कळ केले होते. दीक्षाभूमीला वस्तीतून जीप निघायची, बोधगयेला मोठी बस गेली होती, लग्नांना तर दरवर्षी. प्रत्येक वेळी औषधांची पिशवी तिच्या मांडीवर असायची. कोणाचं बीपी, कोणाचे सुजलेले पाय, कोणाच्या लेकराचा ताप. बोधगयेत बोधिवृक्षाखाली डोळे मिटून बसली असताना कोणीतरी खांद्याला हात लावून विचारलं होतं, सिस्टर, जुलाबाची गोळी हाये का? आणि या सगळ्या प्रवासांत तिचा नवरा सुगत पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. मागे बायका, पोरं आणि ती. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसून ती कुठे गेल्याचं तिला आठवत नव्हतं.

म्हणून वेताच्या खुर्च्या दोनच होत्या, हे तिला फार आवडलं होतं.

सुगत संध्याकाळी चौकातून परतला. वीज कंपनीतून निवृत्त झालेला लाइनमन. लोकांची बिलं, मीटर, मिक्सर यांत अजूनही अडकलेला. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत यायला त्याला कायम वेळ लागे, कारण प्रत्येक फाटकाशी तो थांबत असे.

"अवो, तिसरं कोण हाये?" ललिताने विचारलं.

"कुठी?"

"महेश्वरले. आपल्या खोलीत. गादी टाकून राहिले ते लोक."

सुगतने चपला काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"मनकर्णाकाकू," तो म्हणाला.

"काय?"

"त्याइनं फाटकातून इचारलं, काय भाऊ, कुठी जाऊन राहिले म्हणे. मी सांगतलं. मंग म्हटलं, चाला ना तुमीबी. म्हणा लागते ना माणसाले."

"अन्?"

"त्या म्हणे, बरं."

"बरं?"

"पैल्याच डावात! मी तिथंच उभा राह्यलो. दुसऱ्यांदा आग्रह कराची पाळीच नाई आली. मंग हॉटेलात फोन करून गादी सांगतली."

ही गोष्ट समजायला त्या गल्लीची रीत माहीत हवी. कोणी बाहेरगावी निघाला आणि शेजाऱ्याने विचारलं, तर निघणाऱ्याने ‘चाला ना’ म्हणायचं असतं. न म्हणणारा माणूस घमेंडी ठरतो. त्यावर शेजाऱ्याने ‘नाई हो, तुमी या जाऊन’ म्हणायचं. मग पुन्हा एकदा ‘चाला ना खरंच’, त्यावर ‘पुढच्या वेळेस नक्की’, आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. त्यात खोटेपणा आहे असं कोणालाच वाटत नाही. जेवणाऱ्याने दारातल्या माणसाला ‘या जेवाले’ म्हणावं, तसंच ते. या म्हटल्यावर कोणी पाट ओढून बसत नाही.

शेजारच्या मनकर्णाबाई गावंडे मात्र बसल्या होत्या.

"त्या पुण्याले राह्यल्या ना अकरा वर्सं पोराकडे," सुगत म्हणाला. "तिकडे कोणी उगाच इचारत नसन. इचारलं म्हणजे खरं. त्याइले वाटलं, मी खरंच म्हणून राह्यलो."

"अजून कोणाकोणाले म्हटलं तुमी?"

"बाजूच्या डोमाजीले म्हटलं. मेडिकलवाल्याले म्हटलं. दूधवाल्याले म्हटलं."

"दूधवाल्याले?"

"तो नाई म्हणे. त्याच्या म्हशी हायेत."

ललिताला हसू येत होतं आणि तिला ते येऊ द्यायचं नव्हतं. "अन् गादीवर कोण झोपणार होतं?"

"मी. तुमी दोघी पलंगावर."

तिने शेंगांचं टोपलं उचललं आणि आत गेली.

रात्री जेवताना सुगतने उपाय सुचवायला सुरुवात केली. गाडी लहान मिळाली असं सांगू. ललिता म्हणाली, काकूंनी गाडी ठरवताना पाहिली आहे. मग सहल पुढे ढकलली म्हणू आणि पहाटे गुपचूप निघू. ललिता म्हणाली, गल्लीत पहाटे गाडी सुरू झाली की कुत्रीसुद्धा उठतात.

"तं मले डेंग्यू झाला म्हणू."

"तुमाले डेंग्यू झाला तं काकू पपईचा पाला घेऊन येतीन. सोबत बसतीन. मंग महेश्वर राहिलं अन् घरीच तीन जण."

अकोल्याहून दीक्षाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई, घेऊन जा ना त्यांना. एकट्या आहेत बिचाऱ्या. गाडीत एक सीट रिकामीच आहे."

"त्याइले शुगर हाये, बीपी हाये, डावा गुडघा हाये," ललिता म्हणाली.

"तू आहेस ना सोबत."

"म्हणूनच तं."

दीक्षाला ते कळलं नाही. ललिताने उकलून सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मनकर्णाबाईंकडे गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं; फक्त पहिलं वाक्य ठरत नव्हतं. उपकेंद्रात असताना तिने माणसांना वाईट बातम्या दिल्या होत्या. तेव्हा ती शिकली होती की प्रस्तावना लांबली की समोरचा जास्त घाबरतो.

मनकर्णाबाई घरातच चालत होत्या, बैठकीतून स्वयंपाकघरात आणि परत. नऊवारीखाली पायांत कोरे पांढरे बूट.

"ये सिस्टर. राजकमल चौकातून आणले. दुकानातला पोट्टा म्हणे आजी, हे पळाचे बूट हायेत. मी म्हटलं, मले मांडूवर चढाचं हाये, पळून काय करू?" त्यांनी वळून बूट दाखवले. "अन् डबा काय नेऊ? दशम्या करू का? भाऊले आवडतात."

"काकू," ललिता उभ्यानेच म्हणाली, "मी तुमाले नेत नाई."

मनकर्णाबाई थांबल्या. खुर्चीचा हात धरून हळूच बसल्या. गुडघा दुखत होता, हे सिस्टरला दिसलं.

"शुगरमुळं?"

"नाई."

"मंग? माह्यं काई चुकलं?"

"तुमचं काईच नाई. मले त्याइच्यासंगं एकटीले जायचं हाये. दोघंच. कोणाले गोळी द्याची नाई, कोणाचं बीपी पाहाचं नाई. तुमी आल्या तं मी पाहीन. मले राहवणारच नाई."

"नवऱ्यासंगं एकटीले?" मनकर्णाबाईंच्या तोंडावर नाही म्हटलं तरी हसू आलं. "या वयात?"

"याच वयात. त्या वयात ड्यूटी होती."

"माय वो!" त्या म्हणाल्या. मग हसू गेलं. त्या बुटांच्या नाड्यांकडे पाहू लागल्या. ललिताने रीत मोडून नाही म्हटलं होतं आणि त्याला पुढची ठरलेली वाक्यं नव्हती.

"काकू, त्याइनं तुमाले तसंच म्हटलं होतं. आपल्याकडे म्हणतात तसं. तुमी पुण्याले होत्या म्हणून..."

"म्हणून काय? मी भाषा इसरली?" मनकर्णाबाईंचा आवाज चढला. "माह्यं लग्न होऊन मी याच गल्लीत आली सिस्टर. तू यायच्या आधी. ‘चाला ना’ म्हणजे काय, हे मले शिकवून राहिली का?"

"मले माहीत होतं. भाऊनं उगाच म्हटलं, हे मले माहीत होतं. पुण्याले लिफ्टमधी बायका भेटत. बॅगा घेऊन निघाल्या असत. मी इचारो, कुठी चालल्या? त्या म्हणत, महाबळेश्वर. अन् लिफ्ट खाली येऊन जाय. खोटं खोटंबी कोणी म्हटलं नाई की आजी, चला. अकरा वर्सं!" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "परत आली अन् भाऊनं फाटकात उभं राहून म्हटलं, चाला ना तुमीबी. मले इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, एक डाव ‘बरं’ म्हणून तं पाहू, काय होते. मजा कराची होती मले. भाऊचं तोंड पाहाचं होतं. मंग घरी आली अन् मले खरंच वाटू लागलं. दुसऱ्या दिशी बूट घेऊन आली."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"मले राग आला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लवकर नाई जाणार तो. पण तू खोटं बोलली असती तं मी जल्मभर धरून ठेवला असता." मग त्यांनी ललिताकडे नीट पाहिलं. "तुले एकटीले जायचं हाये, हे भाऊले सांगतलं का?"

"नाई."

"मंग मले काहून सांगून राहिली? मी का तुह्या नवऱ्याचा साहेब हाओ? जा, त्याले सांग."

सुगत अंगणात शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. समोर कागदावर स्क्रू ओळीने मांडलेले. ललिता पायरीवर बसली.

"काकूले नाई म्हणून आली मी."

त्याचा हात थांबला. "खरंच? काय म्हणाल्या?"

"रागावल्या. ते जाऊ द्या. मले तुमच्यासंगं जायचं हाये. दोघांनंच. कोणी तिसरं नको."

"बरं," तो म्हणाला. ते ‘बरं’ मनकर्णाबाईंसारखं नव्हतं. त्यात काळजी होती. "चार दिवस?"

"चार दिवस."

"काय बोलीन मी तुह्याशी चार दिवस?"

ललिताने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"लोकाइशी मले जमते," सुगत म्हणाला. "मीटर, बिल, कोणाचं पोट्टं कुठी लागलं. घरी आलो का तुले सारं माहीतच असते. तू दवाखान्यातून थकून येत होती, मी गप बसत होतो. तशीच सवय पडली. त्या गॅलरीचा फोटो तू दाखवला तेव्हा मले पैलं तेच वाटलं. दोन खुर्च्या, समोर नदी, अन् मी मुका." त्याने स्क्रू उचलला, परत ठेवला. "डोमाजीले म्हटलं ते उगाच नोतं. तो हो म्हणाला असता तं बरं, असं वाटलं होतं मले. काकू हो म्हणाल्या तं मी घाबरलो, पण अर्धा जीव हलकाबी झाला."

ललिताला हे लागलं. महिनाभर ती ज्या चार दिवसांची वाट पाहत होती, त्या चार दिवसांतून तो सुटका शोधत होता. ती उठून आत जाणार होती. पण मनकर्णाबाईंना सरळ सांगून आल्यावर इथे रुसून बसणं तिला जमेना.

"नका बोलू," ती म्हणाली. "मुके राहा. फक्त गाडीत समोर बसू नका. माह्या बाजूला बसा."

"ते नाई जमणार."

"काहून? ड्रायव्हरशी बोलल्याशिवाय गाडी चालत नाई का?"

सुगत मिक्सरच्या भांड्याकडे पाहत म्हणाला, "मांगं बसलो का मले मळमळते."

"काय?"

"ओकारी होते. समोरून रस्ता दिसला का नाई होत."

"केव्हापासून?" तिने विचारलं. आवाज आपोआप उपकेंद्रातला झाला होता.

"लहान होतो तेव्हापासून."

"अन् मले आज सांगून राहिले? मी नर्स हाओ ना! बोधगयेले जाताना बसमधी अर्ध्या लोकाइले मीच गोळ्या वाटल्या."

"पाह्यलं ना मी ते," सुगत म्हणाला. "आरशातून दिसे मले. तू खायले बसली का कोणी तरी आवाज देत होतं. डबा उघडा टाकून उठत होती तू. त्यात मी कुठी सांगू, मलेबी दे म्हणून? समोर बसलं का भागत होतं. तेवढंच तुह्यं एक काम कमी. अन् खांबावर चढणारा माणूस गाडीत ओकते म्हटलं तं लोक हासतीन, तेबी होतंच."

ललिता पायरीवरच बसून राहिली. इतकी वर्षं ती त्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहत आली होती आणि तिने त्याचा एकच अर्थ लावला होता.

"आता काय कराचं?" तिने विचारलं.

"मांगं बसतो," सुगत म्हणाला. "गोळी घेतो. माही मी आणतो, तू उठू नको. कोणती घ्याची तेबी सांगू नको. मेडिकलवाल्याले इचारतो."

तो खरोखरच उठला. मिक्सर तसाच उघडा ठेवून गेला. परत आला तेव्हा खिशात गोळ्यांची पट्टी होती आणि कानाला फोन. पलीकडे महेश्वरचं हॉटेल होतं. त्याचं हिंदी वऱ्हाडीच होतं, पण वाक्य स्पष्ट होतं.

"नहीं नहीं, गद्दा नहीं होना. तीसरा कोई नहीं आके रहा. हम दोनोंच हैं. हाँ, दो. और रात का खाना वो नदीवाली जगह पे लगाना."

जानेवारीतल्या एका थंड सकाळी गाडी दाराशी लागली. मनकर्णाबाई फिरून येत होत्या, पांढऱ्या बुटांत. राग पूर्ण गेला नव्हता. त्या ललिताच्या सामानाकडे पाहत होत्या, ललिताकडे नाही. रीतीप्रमाणे ‘चाला ना’ म्हणायची जागा आली. सुगतने तोंड उघडलं आणि मिटलं. ललिता म्हणाली, "येतो काकू."

"या," मनकर्णाबाई म्हणाल्या. चार पावलं गेल्यावर वळल्या. "सिस्टर, मले महेश्वरची साडी आणजो. हिरवी आणू नको, हिरव्या लय हायेत."

ड्रायव्हरने पुढचं दार उघडून धरलं होतं. "साहेब, समोर या ना. आरामात बसाल."

"नाई," सुगत म्हणाला आणि मागे, ललिताच्या शेजारी बसला.

परतवाड्यापर्यंत रस्ता सरळ होता आणि तो ठीक होता. संत्र्याच्या बागा दिसल्या की बोट दाखवायचा, बोलायचा मात्र नाही. परतवाडा सुटलं, डोंगर लागला, मेळघाटातली वळणं सुरू झाली. सागाची मोठी पानं रस्त्यावर पडलेली. सुगतने समोरच्या सीटची कड पकडली. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले.

ललिताचा हात त्याच्या मनगटाकडे गेला. नाडीपर्यंत पोचायच्या आधी तिने तो मागे घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"गाडी थांबवू का?" तिने झाडांकडे पाहतच विचारलं.

"नको. मले बोलू दे. बोललं का बरं वाटते."

"बोला मंग."

"काय बोलू?"

"काईबी."

सुगतने श्वास घेतला. "मी असा पैल्यांदा ओकलो ना, ते तेल्हाऱ्यावरून अकोल्याले जाताना. बाबा कापसाच्या ट्रकावर हमाल होते. मले वर गाठोड्याइवर बसवलं. मी त्या पांढऱ्या कापसावर ओकलो."

ललिता त्याच्याकडे वळली. सासरे पुंजाजी तिला आठवत होते. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती.

"मारलं?"

"नाई ना. तेच तं सांगून राह्यलो. बाबानं काय केलं माहीत हाये का? सदरा काढला अन् त्यावर झाकून देला. अन् अकोला येईपर्यंत उघडेच बसले, थंडीचे. मालकानं इचारलं तं म्हणे, मले गरम होऊन राह्यलं." तो हसला, आणि हसताना पुन्हा घट्ट धरून बसला. "मंग जुन्या शहरात मले सोडा पाजला. गोटीचा. पण त्याच्या आधीची एक गोठ हाये, ते समजल्याशिवाय हे समजणार नाई तुले. ट्रकवाला कोण होता, पैलं ते सांगतो."

"सांगा," ललिता म्हणाली आणि त्याच्या बाजूला सरकून बसली. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज कमी केला. घाट अजून बराच बाकी होता.